६ हजारांत गाडी देणार म्हणून संजय गांधींनी कारखाना उभारला, पण ती गाडी शोरूमपर्यंत कधी आलीच नाही

मारुती ८०० आठवत नाही असा माणूस आपल्याकडे सापडणं अवघड. कुणाच्या घरातली पहिली गाडी, कुणाच्या मामाची, कुणी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिच्यावर क्लच सोडायला शिकलेलं. आणि या गाडीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, ही संजय गांधींची गाडी.

तर तसं नाहीये. ८०० ही जपानच्या सुझुकीची गाडी होती आणि ती रस्त्यावर आली तेव्हा संजय गांधींना जाऊन साडेतीन वर्षं झाली होती. संजय गांधींची स्वतःची एक वेगळी गाडी होती. तिचंही नाव मारुतीच. तिच्यासाठी जमीन घेतली गेली, बँकांनी कर्ज दिलं, डीलर लोकांनी डिपॉझिट भरलं, संसदेत वर्षानुवर्षं गोंधळ झाला आणि शेवटी सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांचा चौकशी आयोग बसला. फक्त गाडी तेवढी आली नाही.

गोष्ट नीट समजून घ्यायची तर त्यांच्या घरापासून सुरुवात करावी लागते.

१४ डिसेंबर १९४६ ला दिल्लीत संजय गांधींचा जन्म झाला. आजोबा जवाहरलाल नेहरू काही महिन्यांत देशाचे पहिले पंतप्रधान होणार होते. आई इंदिरा, वडील फिरोज. यातले फिरोज गांधी हे नाव या गोष्टीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. काँग्रेसचेच खासदार असून त्यांनी १९५७ साली लोकसभेत मुंदडा प्रकरण काढलं. एलआयसीचा पैसा एका उद्योगपतीच्या कंपन्यांत कसा गेला, हा त्यांचा प्रश्न होता. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी चौकशी केली आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना घरी जावं लागलं. सासऱ्यांच्या सरकारला असा दणका देणारा हा माणूस १९६० साली हार्ट अटॅकने गेला. संजय तेव्हा जेमतेम तेरा वर्षांचा होता.

संजयचं मन पुस्तकात कधी रमलं नाही. डेहराडूनच्या डून स्कूलमध्ये त्याला घातलं, पण मार्कांनी नाव काढावं असं काही घडलं नाही. ओढ होती ती गाड्या आणि इंजिनांची. कॉलेजच्या भानगडीत न पडता तो इंग्लंडला गेला आणि क्रू गावातल्या रोल्स रॉईसच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागला. जगातली सगळ्यात महागडी गाडी बनते तिथे हा पोरगा काम शिकत होता, आणि पुढे त्याच्या डोक्यात बसली ती देशातली सगळ्यात स्वस्त गाडी. अप्रेंटिसशिप पूर्ण न करताच १९६७ च्या सुमाराला तो भारतात परतला. तोवर आई पंतप्रधान झाल्या होत्या.

आता त्या वेळी भारतात गाडी घेणं म्हणजे काय होतं ते बघा.

बाजारात तीनच नावं होती. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्यात बनणारी अ‍ॅम्बॅसिडर, आपल्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यात बनणारी फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड. तिन्हींची मूळ डिझाईन परदेशातली आणि जुनी. संपूर्ण देशात वर्षाला तयार व्हायच्या चाळीस हजारांच्या आतबाहेर गाड्या. किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवणार, काय भावाने विकायच्या यावरही सरकारचं लक्ष. पैसे भरून लोक वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायचे. शिक्षक, कारकून, छोटा दुकानदार यांच्यासाठी गाडी हा विषयच नव्हता.

त्यामुळे स्वस्त छोट्या गाडीची कल्पना काही संजय गांधींनी पहिल्यांदा काढली नाही. १९५९-६० मध्ये एल. के. झा समितीने छोट्या गाडीचा विचार केला होता. आपल्या इचलकरंजीत शंकरराव कुलकर्णी नावाचा अवलिया स्वतःच्या हिमतीवर मीरा नावाची छोटी गाडी बनवून बसला होता. सरकारी पातळीवर मात्र विषय फायलींतून फिरत राहिला. हा पैसा पोलाद, धरणं, बस यांच्यावर खर्च करायचा की चार लोकांच्या खासगी गाडीवर, असा वाद होता. खोटा नव्हता तो वाद.

१९६८ साली मात्र फाईल हलली. छोट्या गाडीसाठी सरकारकडे देशी-परदेशी कंपन्यांचे प्रस्ताव आले. त्यात एक अर्ज एकवीस वर्षांच्या संजय गांधींचा होता. किंमत सांगितली होती साधारण ६ हजार रुपये. सगळं देशी, बाहेरचं काहीही नाही.

अर्जदाराकडे तेव्हा कारखाना नव्हता, पदवी नव्हती, गाडी बनवण्याचा अनुभव नव्हता. होतं ते दिल्लीतल्या गुलाबी बाग भागातलं एक वर्कशॉप. ट्रकच्या गॅरेजांच्या गर्दीत, उघड्या गटारीशेजारी असलेल्या या जागेत संजय गांधी स्वतः हात काळे करून काम करायचे. ही गोष्ट त्यांच्या विरोधकांनीही नाकारलेली नाही. पंतप्रधानांच्या घरातून सकाळी निघायचं आणि दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या मिस्त्रींबरोबर उभं राहायचं. त्यांचा इंजिनाचा नाद खरा होता.

सप्टेंबर १९७० मध्ये सरकारने त्यांना इरादापत्र दिलं. वर्षाला ५० हजार गाड्या बनवायच्या. म्हणजे देशात सगळ्या कंपन्या मिळून जेवढ्या गाड्या करत होत्या, त्याहून जास्त गाड्या एकट्या मारुतीने करायच्या होत्या. अट अशी की परकीय चलन मागायचं नाही, परदेशी कंपनीशी करार करायचा नाही, यंत्रं आणि सुटे भाग बाहेरून आणायचे नाहीत.

या अटीत सगळी मेख होती, म्हणून इथे जरा थांबायला पाहिजे.

गाडीचा एक नमुना बनवणं आणि गाडीचं उत्पादन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला मिस्त्री असेल तर तो हातोडीने पत्रा ठोकून बॉडी बनवतो, मोटरसायकलचं इंजिन बसवतो, दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जुळवतो आणि गाडी चालवून दाखवतो. पण तोच दरवाजा पन्नास हजार वेळा एकाच मापाचा निघायला हवा असेल तर मोठे प्रेस लागतात, त्यात बसणारे डाय लागतात. हे डाय बनवणं हीच एक स्वतंत्र विद्या आहे. इंजिनाचा ब्लॉक ओतायला फाउंड्री लागते आणि त्यातही टाकाऊ माल किती निघतो यावर धंदा टिकतो की बुडतो ते ठरतं. कोल्हापूरच्या कुठल्याही फाउंड्रीवाल्याला विचारा. त्यानंतर कार्ब्युरेटर, ब्रेक, शॉक अब्सॉर्बर, वायरिंग, काचा. यातली प्रत्येक गोष्ट पुरवणारा कारखानदार वेगळा आणि त्या प्रत्येकाला दर्जा सांभाळून वेळेवर माल द्यावा लागतो.

जगातल्या मोठमोठ्या कंपन्यांना नवीन गाडी आणायला चार-पाच वर्षं आणि अफाट पैसा लागायचा. इथे हे सगळं परदेशी मदतीशिवाय आणि ६ हजारांच्या किमतीत बसवायचं होतं. त्या काळात असं सुट्या भागांचं जाळं देशात फारच थोडं होतं. अट मान्य करताना याचा हिशेब कुणी मांडला असेल असं दिसत नाही.

जून १९७१ मध्ये मारुती मोटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि संजय गांधी मॅनेजिंग डायरेक्टर झाले. त्यांनी स्वतःचे म्हणून टाकलेले पैसे होते अवघे १०० रुपये. बाकीचा पैसा आला तो व्यापारी, उद्योगपती, डीलर आणि बँकांकडून.

जागेची सोय हरियाणाने केली. मुख्यमंत्री बन्सीलाल यांनी दिल्लीला लागून गुडगावात सुमारे ३०० एकर जमीन मिळवून दिली. आजचं गुडगाव डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हा तिथे शेती होती आणि एकरी साधारण १० ते १२ हजार रुपये देऊन शेतकऱ्यांकडून ती काढून घेतली गेली. शिवाय जमीन लष्कराच्या दारूगोळ्याच्या कोठाराला लागून होती. अशा ठिकाणाजवळ बांधकामाला बंदी असते. नियम तसाच राहिला आणि कारखानाही उभा राहिला.

१९७२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या प्रगती मैदानावर एशिया ७२ हे मोठं व्यापार प्रदर्शन भरलं. तिथे मारुतीचा नमुना मांडला होता. लोकांनी गर्दी करून गाडी पाहिली. पण पुढे ज्या पत्रकारांना ती जवळून बघायला मिळाली त्यातल्या अनेकांनी तिच्या बांधणीवर बोट ठेवलं. दुसरीकडे, मुंबईतून इलस्ट्रेटेड वीकली चालवणारे खुशवंत सिंग मात्र या गाडीच्या आणि संजय गांधींच्या बाजूने ठामपणे लिहीत राहिले.

मग गाडीची वाट आपल्या नगरला वळली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था आहे. लष्कराचे ट्रक आणि जीप तिथल्या ट्रॅकवर तपासल्या जातात. मारुतीलाही परवाना हवा असेल तर गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं सर्टिफिकेट इथून आणणं भाग होतं. चाचणी काही सरळ पार पडली नाही, गाडीत दोष निघाले. तरीही जुलै १९७४ मध्ये औद्योगिक परवाना हातात पडला. ज्या गाडीला परवाना मिळाला ती खरोखर देशी होती का, हाही प्रश्न नंतर निघाला, कारण नमुन्यांसाठी जर्मनीतून इंजिन आणल्याचं चौकशीत समोर आलं.

दरम्यान ६ हजारांचं काय झालं? १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं, जगभर महागाई भडकली. पोलाद महागलं, सिमेंट मिळेना. मारुतीची सांगितली जाणारी किंमत आधी दुप्पट झाली, मग तिप्पट, आणि शेवटी वीस हजारांच्याही पुढे गेली. आता ती फियाट आणि अ‍ॅम्बॅसिडरच्या भावात जाऊन बसणार होती. स्वस्त गाडी स्वस्त राहिली नाही तर ती घ्यायची कशाला, याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

पण पैसा येत होता. कसा, तेही बघण्यासारखं आहे. गाडीचा पत्ता नसताना देशभर डीलर नेमले गेले आणि प्रत्येकाकडून काही लाखांचं डिपॉझिट घेतलं गेलं. एकूण रक्कम दोन कोटींच्या वर गेली. करारानुसार ठरलेल्या मुदतीत गाड्या मिळणार होत्या. शोरूम भाड्याने घेऊन, रंगरंगोटी करून हे लोक बसून राहिले. पंतप्रधानांच्या मुलाकडे पैसे परत मागायला जायचं कसं, हा त्यांच्यासमोरचा खरा प्रश्न होता.

बँकांचंही तेच. १९६९ साली सरकारने बँका ताब्यात घेतल्या होत्या. सेंट्रल बँक आणि पंजाब नॅशनल बँकेने मारुतीला कर्ज दिलं. सेंट्रल बँकेचे अध्यक्ष तनेजा यांनी आणखी सवलती द्यायला नकार दिल्यावर त्यांची खुर्ची गेली, ही बाब आणीबाणीनंतर शहा आयोगाने नोंदवून ठेवली.

त्याच आयोगासमोर आलेलं आणखी एक प्रकरण आहे आणि ते फार बोलकं आहे. एप्रिल १९७५ मध्ये संसदेत प्रश्न आला की मारुतीला परदेशी यंत्रं मिळाली आहेत का. उत्तर तयार करायचं म्हणून उद्योग मंत्रालय आणि एका सरकारी कंपनीतल्या चार अधिकाऱ्यांनी माहिती गोळा करायला सुरुवात केली. ते त्यांचं रोजचं कामच होतं. थोड्याच दिवसांत या चौघांच्या मागे सीबीआय लागली, कुणाच्या घरावर छापे पडले. मारुतीची फाईल उघडली म्हणून एवढं झालं.

लोकसभेत ज्योतिर्मय बसू, मधु लिमये ही मंडळी मारुतीवरून सरकारला सळो की पळो करून सोडत होती. पुण्याच्या लिमयांनी कागदपत्रं घेऊन उभं राहायचं आणि सत्ताधारी बाकांवरून आरडाओरडा व्हायचा, हे ठरल्यासारखं झालं होतं. फिरोज गांधींनी ज्या सभागृहात एलआयसीचा हिशेब मागितला, तिथेच आता त्यांच्या मुलाच्या कंपनीचा हिशेब मागितला जात होता.

गाडी होत नाही म्हटल्यावर कारखान्याने दुसरी कामं धरली. मारुती हेवी व्हेईकल्स नावाची कंपनी रोड रोलर बनवू लागली. त्यात जुनी, दुरुस्त केलेली इंजिनं बसवल्याचं पुढे उघड झालं आणि गिऱ्हाईक बहुतेक सरकारी खातीच होती. बसच्या बॉडी बांधल्या गेल्या, त्याही राज्यांच्या एसटीसाठी. मारुती टेक्निकल सर्व्हिसेस नावाची घरातल्याच लोकांचे शेअर्स असलेली कंपनी होती. ती मूळ मारुतीकडून तांत्रिक सल्ल्याची फी घ्यायची आणि परदेशी विमान कंपनीची एजन्सीही चालवायची. गाडीसाठी काढलेल्या कारखान्याच्या नावावर रोलर, बस, विमान सगळं होतं.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली आणि संजय गांधींचा गाडीतला रस संपल्यासारखा झाला. आता त्यांच्या हातात देश होता. कुठलंही सरकारी पद नसलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस मुख्यमंत्र्यांना आदेश देत होता. तुर्कमान गेटला बुलडोझर फिरले, गोळीबार झाला. नसबंदीचे आकडे गाठण्यासाठी शिक्षकांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना कोटा दिला गेला आणि १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. जे गाडीच्या बाबतीत झालं त्याचीच ही मोठी आवृत्ती होती. आकडा वरून ठरायचा आणि नाही म्हणणाऱ्याला किंमत मोजावी लागायची. फरक इतकाच की तिकडे डीलरचे पैसे अडकले होते, इकडे लोकांची शरीरं होती.

गुडगावच्या कारखान्याचा या काळातला एक उपयोग तर सिनेमात शोभावा असा आहे. अमृत नाहटा यांच्या किस्सा कुर्सी का या चित्रपटात सत्तेची आणि छोट्या गाडीच्या योजनेचीही टिंगल होती. सरकारने चित्रपट जप्त केला. त्याच्या प्रिंट मुंबईहून नेल्या गेल्या आणि मारुतीच्या आवारात जाळल्या गेल्या. या खटल्यात १९७९ साली संजय गांधी आणि विद्याचरण शुक्ल यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. त्याआधी, खटला चालू असताना साक्षीदार फोडल्याच्या आरोपावरून जामीन रद्द होऊन संजय गांधी महिनाभर तिहारमध्येही होते. १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली. तोवर दिल्लीत सरकार बदललेलं होतं.

मार्च १९७७ च्या निवडणुकीत इंदिरा गांधी रायबरेलीत आणि संजय गांधी अमेठीत पडले. मारुतीला आता कुणी वाली नव्हता. देणी थकली होती आणि मार्च १९७८ मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. जनता सरकारने न्यायमूर्ती अलकचंद्र गुप्ता यांचा आयोग नेमला. जमीन, परवाना, कर्ज, डिपॉझिट असा एकेक धागा उसवत १९७९ मध्ये त्यांनी अहवाल दिला. इतक्या वर्षांत कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या त्या मोजक्या नमुना गाड्या.

जानेवारी १९८० मध्ये काँग्रेस परत आली, संजय गांधी अमेठीतून खासदार झाले. तोवर गाड्यांची जागा विमानांनी घेतली होती. २३ जून १९८० च्या सकाळी सफदरजंग विमानतळावरून दिल्ली फ्लाइंग क्लबचं पिट्स एस-२ए हे छोटं कसरतीचं विमान घेऊन ते उडाले. सोबत कॅप्टन सुभाष सक्सेना होते. हवेत कोलांट्या घेताना विमान खाली आलं ते वर गेलंच नाही. दोघेही जागीच गेले. संजय गांधी ३३ वर्षांचे होते.

चार महिन्यांनी, ऑक्टोबर १९८० मध्ये, केंद्र सरकारने बुडालेली मारुती ताब्यात घेतली. हाती आली जमीन, शेड आणि थोडीफार यंत्रं. संजय गांधींच्या गाडीचं डिझाईन कुणी पुढे वापरलं नाही. १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी निघाली आणि तिचे अधिकारी परदेशात भागीदार शोधायला निघाले. जुन्या इरादापत्रात ज्याला मनाई होती नेमकं तेच आता आधी करायचं ठरलं. ऑक्टोबर १९८२ मध्ये सुझुकीशी करार झाला. सुझुकीने २६ टक्के भाग घेतला, जपानी इंजिनिअर गुडगावात आले आणि सुरुवातीला सुटे भाग जपानहून आणून गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

१४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या ग्राहकाच्या हातात किल्ली दिली. गाडीची किंमत होती पन्नास हजारांच्या आसपास. कार्यक्रमासाठी तारीख निवडली होती ती संजय गांधींच्या वाढदिवसाची.